देवीचा विषाणू ताप येण्याआधीचे बारा दिवस शरीरात काय करायचा?

सूक्ष्मा (धागाकर्ती)

कांजिण्यांच्या धाग्यावर देवीचा (स्मॉलपॉक्सचा) विषय निघाला तेव्हा बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. कांजिण्या आहेत, गोवर आहे, पोलिओही जगातून पुरता गेलेला नाही, मग देवीच तेवढ्या कायमच्या कशा गेल्या? "लस चांगली होती" हे उत्तर खरं आहे, पण लस गोवराचीही उत्तम आहे आणि तरी गोवर अजून मुलं मारतो. माझ्या मते खरं कारण देवीचा विषाणू शरीरात कसा वागायचा, यात आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून वेगळा धागा. लांब झालाय, सावकाश वाचा.

लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दहा ते चौदा दिवस जायचे, सरासरी बारा धरा. या दिवसांत माणूस ठणठणीत असायचा. शेतात जायचा, बाजारहाट करायचा, लग्नाला जेवून यायचा. त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नसे. मग इतके दिवस विषाणू होता कुठे?

माणसात हे पाहणं शक्यच नव्हतं. ताप येण्याआधी कोणी डॉक्टरकडे जात नव्हतं. कोडं उलगडायला उंदीर कामी आले. 1940 च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत फ्रँक फेनर नावाचे संशोधक उंदरांच्या एक्ट्रोमेलिया या रोगावर काम करत होते. त्याचा विषाणू देवीच्या विषाणूच्याच कुळातला. फेनर यांनी उंदरांच्या तळपायात अगदी थोडा विषाणू टोचला आणि मग रोज काही उंदीर मारून प्रत्येक अवयवात विषाणू किती आहे ते मोजत गेले. काम कंटाळवाणं आणि चिकाटीचं, पण त्यातून आलेलं चित्र त्यांनी 1948 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं आणि अंगावर पुरळ उठणाऱ्या रोगांकडे बघण्याची रीत बदलली.

विषाणू आधी टोचल्या जागी वाढतो. तिथून जवळच्या लसीका ग्रंथीत जातो, म्हणजे जिला सूज आली की आपण अवधाण आलं म्हणतो तिथे. तिथे वाढून थोडासा रक्तात उतरतो. ही रक्तातली पहिली फेरी अगदी लहान असते, शरीराला तिचा पत्ताही लागत नाही. मग तो यकृतात आणि प्लीहेत बस्तान बसवतो आणि तिथे प्रचंड वाढतो. तिथून पुन्हा रक्तात येतो, या वेळी मात्र भरमसाट. ही दुसरी फेरी. तीच त्वचेपर्यंत पोचते आणि काही दिवसांनी पुरळ दिसतं.

माणसात सुरुवात तळपायाऐवजी नाका-घशातून व्हायची. बाकी क्रम तोच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिली फेरी, मग प्लीहा, अस्थिमज्जा आणि लसीका ग्रंथींमध्ये मुक्काम, आठव्या दिवसाच्या सुमाराला दुसरी फेरी. मग एकाएकी सणसणून ताप, कंबर मोडल्यासारखी पाठ, डोकेदुखी, उलट्या. इथे बारा दिवस संपले.

इतके दिवस शरीराला कळत कसं नव्हतं? देवीचा विषाणू आकाराने खूप मोठा, मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) एक-तृतीयांशाच्या आसपास, विटेसारखा लांबट. त्याचा जनुकसंच सुमारे 1,86,000 अक्षरांचा. पोलिओचा सात-साडेसात हजारांचा असतो, यावरून अंदाज घ्या. सुमारे दोनशे प्रथिनांची माहिती त्यात असते आणि त्यातली बरीचशी वाढीसाठी लागतच नाहीत. ती आपल्या संरक्षणाला गप्प बसवण्यासाठी असतात. विषाणू शिरलेली पेशी शेजारच्या पेशींना इशारा म्हणून इंटरफेरॉन सोडते. हा रेणू 1957 मध्ये सापडला. देवीचा विषाणू इंटरफेरॉनला मध्येच पकडणारी प्रथिनं बाहेर सोडतो, त्यामुळे इशारा पोचतच नाही. रक्तातली पूरक प्रथिनं जंतूंना चिकटून त्यांना फोडतात. त्यांना निष्प्रभ करणारं एक प्रथिनही त्याच्याकडे असतं आणि ते माणसाच्या पूरक प्रथिनांवर विशेष प्रभावी ठरतं. देवी फक्त माणसालाच का व्हायच्या, याचा एक धागा इथे आहे.

आणखी एक गोष्ट मला वर्गात सांगायला फार आवडते. डीएनएवर चालणारे बहुतेक विषाणू पेशीच्या केंद्रकात घुसून तिथली यंत्रणा वापरतात. देवीचा विषाणू केंद्रकात जातच नाही. डीएनए वाचायची विकरं (एन्झाइम) तो सोबत घेऊन येतो आणि बाहेर पेशीद्रवातच आपला कारखाना मांडतो. हे कारखाने इतके मोठे असतात की इटलीतल्या ग्वार्निएरी यांना 1892 साली साध्या सूक्ष्मदर्शकातून त्यांचे ठिपके दिसले होते. विषाणू म्हणजे काय हे तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हतं. केंद्रकाबाहेर राहण्याचा परिणाम मोठा आहे. हा विषाणू आपल्या डीएनएत शिरून बसत नाही. एचआयव्ही बसतो. कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्याजवळच्या चेतापेशींच्या गुच्छांत दडून राहतो आणि तीस-चाळीस वर्षांनी नागीण होऊन बाहेर येतो. देवीला असं दडायला शरीरात जागाच नव्हती. माणूस मरायचा किंवा बरा व्हायचा, आणि बरा झाला की विषाणू त्याच्या अंगातून कायमचा गेलेला असायचा.

आता त्वचा. दुसऱ्या फेरीतला विषाणू त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांतून बाहेर पडायचा. पण त्याआधी साधारण एक दिवस तोंडात आणि घशात फोड यायचे. तिथली त्वचा पातळ, त्यामुळे ते लगेच फुटायचे आणि लाळेत विषाणू मिसळायचा. संसर्ग पसरायला सुरुवात इथून. मग चेहऱ्यावर, हातांवर, पायांवर, अगदी तळहात-तळपायांवरही पुरळ. आधी सपाट, मग उंचवटा, मग पाणी, मग पू. फोड त्वचेत खोल असायचे, बोटाला छर्रे पुरल्यासारखे घट्ट लागायचे. एका भागातले सगळे फोड एकाच वेळी एकाच टप्प्यावर असायचे, कारण सगळ्यांची सुरुवात रक्तातल्या त्या एकाच मोठ्या फेरीत झालेली असे. कांजिण्यांत विषाणू लाटांमागून लाटा त्वचेत येतो, म्हणून शेजारी शेजारी नवं पुरळ, पाण्याचा फोड आणि वाळलेली खपली असं सगळं एकदम दिसतं.

देवी शोधता आल्या त्या यामुळे. विषाणू स्वतः चेहऱ्यावर येऊन दिसायचा, दिसायला लागल्यावरच पसरायचा, न दिसणारे वाहक मागे ठेवत नसे, प्राण्यांत त्याचा साठा नव्हता. पोलिओत साधारण दोनशे लागण झालेल्यांमध्ये एकालाच लुळेपणा येतो. उरलेल्यांना काही होत नाही आणि विषाणू मात्र ते पसरवत राहतात. तिथे काम किती कठीण होतं याची कल्पना करा.

आणि ते बारा दिवस देवीच्या विषाणूच्या अंगावर उलटले. दंडावर लस टोचली की लशीतला जिवंत विषाणू थेट त्वचेत वाढायला लागतो आणि संरक्षण लगेच जागं होतं. देवीचा विषाणू मात्र आठ दिवस आत आत फिरत असतो. म्हणून लागण झाल्यानंतर तीन-चार दिवसांत लस टोचली तरी रोग टळायचा किंवा सौम्य व्हायचा. लागण आधी होऊनही लस पुढे निघून जायची. डिसेंबर 1966 मध्ये पूर्व नायजेरियात लस अपुरी होती, तेव्हा अमेरिकी डॉक्टर विल्यम फोगी यांनी हेच साधलं. सगळ्यांना टोचत बसण्याऐवजी रुग्ण शोधायचा आणि त्याच्या संपर्कातल्या सगळ्यांना लगेच टोचायचं. पुढे ते भारतातही आले.

आणि फेनर? 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य सभेत देवी संपल्याचा अहवाल मांडणारे जागतिक आयोगाचे अध्यक्ष तेच होते.

बंडू_सांगलीकर

सूक्ष्माताई, बारा दिवसांचं गणित पहिल्यांदाच समजलं.

माझ्या आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर आणि नाकावर खड्डे होते, आणि डावा डोळा पांढरा. तिची धाकटी बहीण त्याच साथीत गेली. आजी म्हणायची, आधी मोठ्या काकांना झालं, ते उठून बसले तेव्हा आम्हा पोरींना झालं. आज कळतंय की तो मधला काळ म्हणजेच हे बारा-चौदा दिवस. घराच्या दाराला कडुलिंबाचा पाला बांधला होता आणि परक्याला आत घेत नव्हते, पण घरातली पोरं त्याच खोलीत झोपायची.

प्रश्न एवढाच की खड्डे चेहऱ्यावरच का पडायचे? आणि डोळा कसा जायचा?

सूक्ष्मा

बंडूदादा, तुमच्या आजीने सांगितलेलं अगदी तंतोतंत आहे. एका रुग्णापासून दुसऱ्यापर्यंत दोन आठवड्यांचं अंतर पडायचं.

त्वचेला तेल पुरवणाऱ्या ग्रंथींवर हा विषाणू विशेष तुटून पडायचा. त्या नष्ट झाल्या की तिथली त्वचा आकसून खड्डा पडायचा, आणि चेहऱ्यावर या ग्रंथी सर्वांत दाट असतात. डोळ्याच्या पारपटलावर व्रण झाला की तो भरताना पांढरा पडदा यायचा. भारतात कितीतरी पिढ्या अंधत्वाचं हे एक मोठं कारण होतं. वाचलेल्यांचं दुःख आकड्यांत फारसं येत नाही, म्हणून तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

स्पष्टवक्ता

लेख चांगला आहे, पण लशीला आणि "रणनीती"ला फार श्रेय दिलं जातं असं मला वाटतं. राहणीमान सुधारलं, स्वच्छता आली, पाणी आलं, म्हणून साथी ओसरल्या. कॉलरा तसाच कमी झाला. देवीही आपोआप कमी होतच होत्या.

सूक्ष्मा

स्पष्टवक्ता, कॉलऱ्याबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे, कारण तो पाण्यातून येतो. देवी श्वासातून, लाळेतून, जवळच्या सहवासातून यायच्या. राजवाड्यातही यायच्या. फ्रान्सचा पंधरावा लुई 1774 मध्ये देवीनेच गेला.

पण मला सर्वांत ठाम पुरावा आपल्याच देशातला वाटतो. 1974 साली भारतात देवीच्या सुमारे 1,88,000 रुग्णांची आणि 31,000 हून अधिक मृत्यूंची नोंद झाली. बहुतेक बिहारमध्ये. त्या वर्षी साथ भडकलेली होती, ओसरत अजिबात नव्हती. पुढच्याच वर्षी 17 मे 1975 रोजी बिहारमध्ये देशांतर्गत लागणीचा शेवटचा रुग्ण सापडला, आणि 24 मे रोजी आसामात करीमगंजला बांगलादेशातून लागण घेऊन आलेली एक स्त्री. त्यानंतर एकही नाही. या एका वर्षात बिहारच्या खेड्यांत पाणी बदललं नव्हतं, घरं बदलली नव्हती, दारिद्र्य हटलं नव्हतं. बदल झाला तो शोधात. आरोग्य कर्मचारी घरोघरी फिरले. देवी आलेल्या मुलाचा फोटो असलेलं कार्ड शाळेतल्या पोरांना, आठवडी बाजारात, चहाच्या टपरीवर दाखवत विचारत गेले, "असं कोणाला झालंय का?" रुग्ण सापडला की घरावर दिवसरात्र पहारेकरी, आणि आजूबाजूच्या सगळ्यांना लस. शेवटी शेवटी खबर देणाऱ्याला 1000 रुपयांचं बक्षीस होतं. त्या काळचे 1000.

कार्डावरचा फोटो पाहून शाळकरी पोरगं रोग ओळखू शकत होतं, कारण विषाणू चेहऱ्यावर लिहिलेला असायचा. हे पोलिओत किंवा फ्लूत करून दाखवता येत नाही.

स्पष्टवक्ता

1974 आणि 1975 ची तुलना पटण्यासारखी आहे. मग त्याआधी इतकी वर्षं लस टोचत होते तरी का थांबलं नाही? राष्ट्रीय कार्यक्रम तर 1962 पासून होता ना?

सूक्ष्मा

होता. किती जणांना टोचलं याचा आकडा मोठा करण्यावर भर होता. शाळेतली तीच मुलं पुन्हा पुन्हा टोचली जायची, कारण ती सहज सापडायची. तान्ही बाळं, मजूर, वस्तीवरचे लोक राहून जायचे. दाट लोकसंख्येत उरलेले थोडे लोकही विषाणूला पुरायचे. साखळी नेमकी कुठे चालू आहे ते शोधून तिथेच तोडली, तेव्हा ती तुटली.

अनघा_बेळगाव

आमच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोचं मैदान सगळ्यांना माहीत आहे, मॅच असतात तिथे. पण तिथे देवीची लस बनायची हे नव्या मुलांना सांगावं लागतं. वासरांच्या कातडीवर लस वाढवायचे असं जुने लोक सांगायचे. खरं का? आणि माझ्या आईच्या दंडावर मोठे व्रण आहेत, माझ्या दंडावर एकच लहान. माझाही देवीचाच का? जन्म 1984.

डॉ_निशिगंधा

अनघा, खरं आहे. वासराच्या पोटाची कातडी भादरून, ओरखडे काढून त्यावर लशीचा विषाणू वाढवायचे आणि मग खरवडून लस करायचे. पुढे ती गोठवून वाळवायचं तंत्र आलं आणि उन्हाळ्यातही टिकायला लागली. आपल्यासारख्या देशात हा बदल निर्णायक ठरला.

1984 चा जन्म म्हणजे तुमचा व्रण बीसीजीचा, क्षयाच्या लशीचा. तोवर देवीची लस बंद झाली होती. देवीचा व्रण सहसा मोठा, खोलगट, कडांना रेषा असलेला. आईच्या पिढीत गोल दात्यांचं अवजार दंडावर टेकवून पिळायचे, त्याने जखम बरीच व्हायची, लहान मुलं किंचाळायची. नंतर दोन टोकांची सुई आली. टोकांमध्ये लशीचा थेंब धरून दंडावर भराभर पंधरा वेळा टोचायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही थोड्या वेळात शिकवता यायचं. मी या सुईला मोठा शोध मानते.

आता सूक्ष्माताईंच्या लेखात थोडी भर. "विषाणू स्वतः दिसायचा" याला एक भयंकर अपवाद होता, रक्तस्रावी देवी. त्यात नेहमीचे फोड यायच्या आधीच त्वचेखाली आणि आतल्या अवयवांत रक्तस्राव होऊन माणूस जायचा. गर्भवती स्त्रियांमध्ये हा प्रकार जास्त दिसे. 1972 साली युगोस्लाव्हियात असा एक रुग्ण ओळखता आला नाही, आणि त्याच्यापासून रुग्णालयांमध्येच अडतीस जणांना लागण झाली. त्या साथीत एकूण 175 रुग्ण, 35 मृत्यू, आणि देशातल्या जवळपास सगळ्या लोकसंख्येला लस द्यावी लागली. चेहरा बोलला नाही तर काय होतं ते यात दिसतं.

आणखी एक. रोगी नेमका कशाने मरायचा, याचं पक्कं उत्तर वैद्यकाकडे नाही. जुन्या पुस्तकांत विषबाधा असं लिहून मोकळे होतात. काहींच्या मते संरक्षण यंत्रणेचाच अतिरेक. जवळजवळ तीस टक्के रुग्ण मारणारा रोग, आणि त्याच्या मृत्यूचं कारण आपण पूर्ण समजून घेण्याआधीच तो नाहीसा झाला. मला हे नेहमी अस्वस्थ करतं.

मुसाफिर_मस्कत

लशीआधी देवीचाच पू निरोगी माणसाला टोचायची पद्धत होती असं वाचलंय. इंग्लंडमध्ये 1721 च्या सुमाराला लेडी मेरी माँटेग्यूने तुर्कस्तानातून नेली. विषाणू तोच, जिवंत, मग माणसं मरत कशी नव्हती?

सूक्ष्मा

फार महत्त्वाचा प्रश्न. मरत होती, पण शंभरात एक-दोन. नैसर्गिक देवीत वीस-तीस.

मुख्य कारण वाट. श्वासातून आलेला विषाणू घशात फारसा गाजावाजा न करता ग्रंथींत जातो आणि आतमध्ये दुसऱ्या फेरीची तयारी करतो. त्वचेत टोचलेला विषाणू तिथेच वाढतो, जागा लाल होते, सुजते, आणि त्वचेतल्या पहारेकरी पेशी लगेच जवळच्या ग्रंथीला माहिती देतात. त्यामुळे दुसरी मोठी फेरी यायच्या आत शरीर तयार झालेलं असतं. विषाणू तोच, पण कोणत्या दारातून आला यावर रोगाची तीव्रता ठरली. बंगालमध्ये टीकेदार, म्हणजे असं टोचणारे लोक, हेच करायचे. धोका मात्र होता. टोचलेल्या माणसाला खऱ्या देवी आलेल्या असत आणि त्याच्यापासून इतरांना पूर्ण तीव्रतेचा रोग होई. 14 मे 1796 ला इंग्लंडमधल्या एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने जेम्स फिप्सला गायीच्या देवीचा द्रव टोचला तो याच धोक्यावर उपाय म्हणून.

मुसाफिर_मस्कत

आणि लस मुंबईत समुद्रावरून कशी आली? बर्फ नाही, काही नाही.

सूक्ष्मा

माणसांच्या दंडातून! लशीचा फोड आठवडाभरात पिकतो. त्यातला द्रव पुढच्या मुलाच्या दंडावर टोचायचा, त्याचा पिकला की पुढच्याच्या. अशी साखळी बगदाद, बसरा करत मुंबईला पोचली आणि 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. भारतात लस यशस्वीरीत्या घेतलेली ती पहिली व्यक्ती. तिच्या दंडातून पुढे मुंबईत आणि मग देशात इतरत्र लस गेली. पुढच्याच वर्षी स्पेनहून बाल्मिस नावाचा वैद्य अनाथ मुलांना जहाजात घालून अशीच साखळी अमेरिकेकडे घेऊन गेला. त्या मुलांना कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला पडतो आणि त्याचं समाधानकारक उत्तर मिळत नाही. ॲनाचं नाव तरी राहिलं, पण साखळीतल्या बाकीच्या बहुतेक लेकरांची नावं कोणाच्या लक्षात राहिली नाहीत.

केदार_ठाणे

आता देवी गेल्या तर प्रयोगशाळेत विषाणू ठेवला आहे तो का? जाळून टाका ना.

सूक्ष्मा

केदार, अधिकृत साठे दोनच, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला. नष्ट करायचा निर्णय वर्षानुवर्षं पुढे ढकलला जातो आहे. ठेवण्याच्या बाजूचे म्हणतात, औषधं आणि लशी तपासायला लागतो.

माझं मत नष्ट करावा असं आहे. शेवटचे रुग्ण लक्षात घ्या. 1975 मध्ये बांगलादेशातल्या भोला बेटावरची रहिमा बानू ही लहान मुलगी, 1977 मध्ये सोमालियातले अली माओ मालिन. हे दोघंही वाचले. पण त्यानंतर 1978 मध्ये बर्मिंगहॅममध्ये जेनेट पार्कर या छायाचित्रकार बाईंना लागण झाली. त्या काम करत होत्या त्याच इमारतीत देवीची प्रयोगशाळा होती. त्या गेल्या. जगातला देवीचा शेवटचा मृत्यू प्रयोगशाळेतल्या विषाणूमुळे झाला, हे विसरता कामा नये. 2014 मध्ये अमेरिकेत बेथेस्डाला एका जुन्या साठवणखोलीत देवीच्या विसरलेल्या कुप्या सापडल्या, त्यातल्या दोन कुप्यांतला विषाणू अजून जिवंत निघाला.

अर्थात जाळून धोका शून्य होत नाही. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी घोड्यांच्या देवीचा विषाणू मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांपासून बनवून दाखवला, 2018 मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणजे जनुकसंच माहीत असला की विषाणू पुन्हा बनवणं अशक्य नाही. तरीही तयार साठा समोर ठेवणं मला मान्य नाही.

डॉ_निशिगंधा

इथे माझं मत वेगळं आहे, सूक्ष्माताई. पुन्हा बनवता येत असेल तर औषधाची चाचणी खऱ्या विषाणूवर झालेली असणं मला जास्त सुरक्षित वाटतं. टेकोव्हिरिमॅट हे औषध 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते विषाणूला पेशीबाहेर पडताना लागणारं आवरण मिळू देत नाही, म्हणजे तो शरीरात पसरू शकत नाही. देवीच्या रुग्णांवर त्याची चाचणी होणं शक्यच नव्हतं. प्राण्यांमधल्या प्रयोगांच्या आधारावर मान्यता मिळाली. असं औषध हाताशी असणं मला धीर देतं.

सूक्ष्मा

तुमचा मुद्दा मी समजू शकते. माझं पारडं तरी पार्करबाईंच्या बाजूला झुकतं.

जास्वंद

एक व्यावहारिक प्रश्न. एमपॉक्सच्या (मंकीपॉक्सच्या) बातम्या आल्या की आई घाबरते. तिचा जन्म 1958 चा, दंडावर व्रण आहेत. तिला संरक्षण आहे का? आणि कांजिण्या झाल्या तर वेगळं कसं ओळखायचं?

डॉ_निशिगंधा

जास्वंद, एमपॉक्स देवीच्याच कुळातला आहे, म्हणून जुन्या लशीचं काही संरक्षण त्यालाही चालतं. अमेरिकेत ओरेगॉनच्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं की देवीच्या लशीची प्रतिपिंडं अनेक दशकं रक्तात टिकतात, टी पेशी या संरक्षण करणाऱ्या पेशी मात्र हळूहळू कमी होतात. तेव्हा आईला बहुधा थोडं संरक्षण आहे, पण त्यावर विसंबून राहू नये. भीतीचं कारण मात्र नाही. हा विषाणू मुख्यतः अगदी निकटच्या, त्वचेला त्वचा लागणाऱ्या संपर्कातून पसरतो. 2022 मध्ये भारतात पहिला रुग्ण केरळमध्ये सापडला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने रुग्णाच्या नमुन्यातून विषाणू वेगळा करून वाढवला, त्यामुळे देशातच चाचण्या आणि लशीवर काम करता येतं.

एमपॉक्समध्ये मानेला, काखेत किंवा जांघेत अवधाण येतं. कांजिण्यांत सहसा इतकं येत नाही आणि देवीतही ते ठळक नसे. कांजिण्यांचं पुरळ पोटा-पाठीवर जास्त, वरवरचं, खाज सुटणारं, आणि वेगवेगळ्या टप्प्यांतलं.

मुलांना कांजिण्यांत ॲस्पिरिन देऊ नका, यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. तापाला डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला, गर्भवतीला किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला कांजिण्या झाल्या तर पुरळ दिसल्याच्या पहिल्या दिवशीच दाखवा, कारण ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरुवातीलाच दिलं तर उपयोगी पडतं. आईला कांजिण्या पूर्वी होऊन गेल्या असतील तर नागीण होऊ शकते. नागिणीची लस मिळते, तेवढी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या.